विंचवाचं बिऱ्हाड

मे महिन्यातली दुपार. जेवणं आटोपून जरा पाठ टेकली होती, तोच शेजारच्या वहिनी धापा टाकत दारात. "ताई, आधी चला! पोरानं घरात विंचू पाळलाय. हे म्हणतात चपलेनं ठेचतो, आणि पोरगं पेटीला मिठी मारून बसलंय."

संस्थेच्या कामामुळे आमच्या भाईंदरच्या सोसायटीत पाण्यापासून सासू-सुनेच्या भांडणापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. विंचू मात्र पहिल्यांदाच आला!

मुलगा दहावीची परीक्षा देऊन महाडकडे मामाच्या गावी गेला होता. येताना दगडाखालचा एक विंचू बरणीत घालून घेऊन आला. आता तो माशांच्या जुन्या काचेच्या पेटीत राहत होता. तळाला चार बोटं वाळू, लपायला कौलाचा तुकडा, बाटलीच्या झाकणात पाणी, वर जाळी. अमेरिकेच्या वाळवंटातले मोठे केसाळ विंचू लोक कसे पाळतात, ते पाहून त्यानं वहीत टिपून ठेवलं होतं. एका पेटीत एकच विंचू, नाहीतर ते एकमेकांना खातात. आठवड्याला एखाद-दुसरा किडा पुरतो. वाळू कोरडी हवी. हात लावायचा नाही, लांब चिमटा वापरायचा.

"काकू, गंमत बघा," म्हणत त्यानं खिडकीचे पडदे ओढले आणि वाण्याकडून मागून आणलेला नोटा तपासायचा दिवा पेटीवर धरला. विंचू हिरवट-निळा चमकू लागला. खोटं कशाला सांगू, मीही क्षणभर बघत राहिले.

पडदे उघडले आणि माझ्या छातीत धस्स झालं. तांबूस रंग, पुढचे चिमटे बारीक, नांगीकडची शेपूट मात्र जाड. माझं माहेर त्याच भागातलं. हा तर आमच्याकडचा लाल विंचू! जाळी बोटानं ढकलली तर सरकत होती. आणि याची धाकटी बहीण अवघी चार वर्षांची.

मी लहान असताना माझ्या चुलत बहिणीला गोवऱ्या काढताना हाच विंचू चावला होता. पहिले दोन तास विष उतरवणाऱ्याच्या मंत्रात गेले. तिला घामाच्या धारा, हातपाय गार, उलट्यांवर उलट्या. शेवटी काकांनी टेम्पोत घालून तालुक्याला नेलं. ती वाचली, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

हे मी त्याला सांगितलं. डॉ. हिंमतराव बावसकरांबद्दलही सांगितलं. सत्तरच्या दशकात ते महाड भागात आले, तेव्हा या विंचवानं कितीतरी माणसं, त्यातही लेकरं दगावत. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. हे विष हृदयावर घाला घालतं, हे मांडणारा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी इथे जीव वाचवते, हे त्यांनी दाखवून दिलं. हाफकिनचं प्रतिविषही पुढे मिळू लागलं. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

पोरगं गप्प झालं. मग म्हणालं, "म्हणजे हा वाईट आहे का, काकू?"

वाईट कसा असेल? तो मुद्दाम कुणाच्या मागे लागत नाही. अंगावर पाय पडला, हाताखाली दाबला गेला, की नांगी मारतो. विंचवाची पिल्लं आईला खातात असं आम्हाला लहानपणी सांगायचे, तेही खरं नाही. पहिली कात टाकेपर्यंत आई त्यांना पाठीवर घेऊन फिरते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते निदान या बाबतीत शब्दशः खरं!

"मग मी वाळवंटातला आणू?" पठ्ठ्या हट्ट सोडेना. म्हटलं, बाबा रे, आपल्याकडे खाडी आणि मिठागरं. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे तुझी वाळू कोरडी कशी राहणार? घरातली झुरळं घालावीत, तर ती खडू-फवाऱ्याच्या विषातली. शिवाय हे विंचू दहा-पंधरा वर्षंसुद्धा जगतात. तू कॉलेजला गेल्यावर त्याचं कोण करणार? आईच ना? वहिनींनी कपाळाला हात लावला.

विंचू मारायचा नाही आणि ठेवायचाही नाही, असं ठरलं. ओळखीच्या सर्पमित्राला बोलावलं. पेटी मुलानंच खाली नेऊन दिली. "दगडाखालीच सोडाल ना?" त्यानं दोनदा विचारलं.

मैत्रिणींनो, सुट्टीत मुलं गावी गेली, तर चपला-बूट झटकून घालायला सांगा. अंथरूण झाडून घ्या. दगडाखाली, लाकडांत, पेंढ्यात नुसता हात घालू देऊ नका. आणि कुणाला विंचू चावलाच, तर मंत्र-तंत्र, कापाकापी, पाला चोळणं यात घटकाभरही घालवू नका. तडक दवाखाना गाठा. घाम फुटला, हातपाय गार पडले तर क्षणाचाही उशीर नको.

काल वहिनी जिन्यात भेटल्या. हळूच म्हणाल्या, "ताई, ती पेटी रिकामीच आहे. मासे आणले तर चालतील ना?"