अस्वांग, हडळ आणि जिवंत शेजारीण

माजरीहून वरोऱ्याला किंवा चंद्रपूरला कॉलेजसाठी अप-डाऊन करताना मोबाइलवर तुम्ही 'ट्रेसे' ही ॲनिमेशन सिरीज पाहिली असेल, तर 'अस्वांग' हा शब्द तुमच्या ओळखीचा असेल. फिलिपिन्सच्या लोककथांमधला हा रूप पालटणारा राक्षस. दिवसा साधी, अबोल शेजारीण. रात्री तीच कुत्रा, डुक्कर नाहीतर मोठा पक्षी होऊन गरोदर बायांच्या आणि आजाऱ्यांच्या घराभोवती फिरते. ओळखायची कशी? तिच्या डोळ्यांत आपलं प्रतिबिंब उलटं दिसतं म्हणे!

भुतं आपल्याकडेही कमी नाहीत. पण हडळ, मुंजा ही मेलेली माणसं. त्यांच्या गोष्टींनी फार तर रात्रीची झोप उडते. अस्वांग मात्र जिवंत असते, तुमच्याच गल्लीत राहते. गर्भ पडला, कुणी खंगत गेलं, की बोट दाखवायला दार सापडतं. कापिझ हा तिथला प्रांत अस्वांगांसाठी बदनाम. त्याच भागात शरीर पिळवटून टाकणारा एक आनुवंशिक मेंदूविकारही आढळतो, आणि या दंतकथेचा धागा काहींनी त्या आजाराशी जोडला आहे.

आपल्या जिल्ह्यांत या जातीचा शब्द कोणता? 'जादूटोणा करते.' ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये याच संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारलं गेलं. त्यात म्हातारी माणसंही होती. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एक बाई आणि एक वयस्कर पुरुष जिवानिशी गेले. ही कामं भुताची नव्हती, गावातल्याच माणसांची होती.

म्हणूनच डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा मारहाणीपर्यंत थांबत नाही. अमकी व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, असं भासवणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड.

तेव्हा अस्वांगच्या गोष्टी बिनधास्त बघा, हॉस्टेलवर रात्री रंगवून सांगाही. पण गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुण्या काकूबद्दल 'ती तसलीच आहे' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करू नका. बैठक बसायच्या आत ११२ लावा.