सोलापूरचा मध आणि ट्रॉम्बेचे जेल

कातडी जळाली की शरीरातले पाणी झरू लागते आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. हायड्रोजेलची पट्टी यातल्या पहिल्या संकटावर उत्तम तोडगा आहे. पॉलिमरच्या जाळीत पाणी धरलेला हा पारदर्शक, लवचिक पापुद्रा गार लागतो, जखमेला चिकटत नाही आणि न उचलता आतली स्थिती दिसते. भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रॉम्बेत विकसित केलेल्या जेलमध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे द्रावण गॅमा किरणांखाली धरतात. एकाच माऱ्यात जाळीही विणली जाते आणि पट्टी निर्जंतुकही होते. पण निर्जंतुक म्हणजे जंतुनाशक नव्हे. तो गुण यावा म्हणून जेलमध्ये बहुधा चांदी घालतात.

चांदीची परंपरा तशी जुनीच. चार्ल्स फॉक्स यांचे सिल्व्हर सल्फाडायझिन १९६८ मध्ये आले आणि ते पांढरे मलम जळीत कक्षात घट्ट बसले. त्याचा एक त्रास म्हणजे जखमेवर साय धरते आणि भाजले किती खोल, हे कळेनासे होते.

या मलमाला थेट आव्हान दिले ते सोलापुरातून. तिथल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. निम्म्यांना पोळ्यातला, प्रक्रिया न केलेला मध लावला, निम्म्यांना मलम. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटातील अवघ्या ७ टक्के. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमांचे प्रमाण ८७ विरुद्ध १० टक्के होते.

आकडे इतके एकतर्फी की शंका येतेच. मध आणि पांढरे मलम डोळ्यांना लगेच ओळखू येतात, त्यामुळे पाहणारा पूर्ण तटस्थ राहणे अवघड. वैद्यकीय चाचण्या एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्याने मधाचे पारडे सरसकट उचलले नाही. नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने उथळ भाजणे लवकर भरते याला त्यात भक्कम पुरावा असल्याचे म्हटले. चांदीच्या मलमापेक्षा लवकर भरते याला मात्र अतिशय कमकुवत.

सुब्रह्मण्यम थांबले नाहीत. उकडलेल्या बटाट्याच्या सालींशी आणि गर्भवेष्टनाशीही त्यांनी मधाची तुलना केली. १९९९ मधल्या चाचणीत त्यांचाच मध हरला: मध्यम भाजलेल्यांत जळका थर लवकर तासून त्वचारोपण करणे सरस ठरले. ते त्यांनी लेखाच्या शीर्षकातच छापले. आपल्या लाडक्या औषधाचा पराभव असा उघड सांगणारे संशोधक विरळाच.

मधाचे काम गूढ नाही. घट्ट साखर जंतूंमधले पाणी ओढते, आम्लता त्यांना मानवत नाही. जखमेच्या स्रावाने मध पातळ झाला की त्यातले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर जागे होऊन थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. अडचण एवढीच की कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात आणि उकळावे तर विकरच मरते. न्यूझीलंडचे पीटर मोलन यांनी १९९६ मध्ये दाखवले की गॅमा किरणांनी बीजाणू नष्ट होतात, मधाची जंतुनाशक ताकद मात्र टिकते. म्हणजे जे किरण ट्रॉम्बेत जेल घडवतात, तेच मधाच्याही कामी येतात.