महाराजांचे तिमाही पत्रक

२६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या गॅझेटात एक हुकूम प्रसिद्ध झाला. शाहू महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात, असा तो हुकूम. आरक्षणाची कहाणी सांगताना आपण बहुधा इथेच थांबतो. पण त्याच हुकुमात आणखी एक रूक्ष कलम होते. प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक सादर करावे! उभी हयात बँकेत पत्रके भरण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला हेच कलम फार मोलाचे वाटते. महाराजांना नुसती घोषणा करायची नव्हती, हिशेब हवा होता.

त्यांना तो का हवा होता, हेही आकड्यांतच आहे. १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. राखीव जागा म्हणून कुठे लिहिलेले नव्हते, इतकेच.

आज आरक्षणावर बोलताना दोन्ही बाजू खातेवहीचे एकच पान उघडतात. कुणी फक्त जमा वाचतो, कुणी फक्त नावे. दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवीत.

आधी जमा. १९६९ साली चौदा आणि १९८० साली आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी एक मोठे दार उघडले. मी नोकरीला लागलो तेव्हा रिक्रूटमेंट बोर्डाच्या परीक्षेतून आलेले असे तरुण शाखेशाखेत दिसू लागले होते. त्यांच्या घरात मासिक पगार हीच नवलाई होती. पण त्याहून महत्त्वाचा बदल काउंटरच्या पलीकडे झाला. तालुक्याच्या एका शाखेत कर्जाच्या टेबलावर असा एक सहकारी बसू लागला, तेव्हा वस्तीवरची जी माणसे पूर्वी दारातून शिपायाला हाक मारत, ती आत येऊन खुर्चीवर बसू लागली. कुठल्याही परिपत्रकाने ही गोष्ट साधली नसती.

आता नावे. तोच सहकारी खात्याअंतर्गत परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, तरी त्याच्या माघारी ‘कोट्यातला’ हा शब्द चालूच राहिला. त्याच्याकडून बेरीज चुकली की ती त्याच्या जातीची चूक आणि आमच्याकडून चुकली की कामाचा ताण! हा बट्टा आरक्षणाने लावला असे म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. बट्टा आधीचाच होता. आरक्षणाने त्याला एक सभ्य नाव मिळवून दिले.

गुणवत्तेचा प्रश्न मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. राज्यघटनेनेच ३३५व्या कलमात प्रशासनाच्या कार्यक्षमतेची आठवण ठेवली आहे. पण कार्यक्षमता खरोखर घटली का, याचे उत्तर मोजूनच द्यायला हवे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ या काळातील आकडेवारी तपासली. राखीव जागांवरील कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. शिवाय गुणवत्तेची आपली आस्था निवडक आहे. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि देणगी देऊन कमी गुणांवर प्रवेश मिळू लागले. गुणवत्तेच्या नावाने त्यांच्याविरुद्ध किती मोर्चे निघाले, हे वाचकांनी आठवून पाहावे.

तसाच दुसरा लोकप्रिय समज म्हणजे ‘आरक्षण दहाच वर्षांसाठी होते’. ती मुदत ३३४व्या कलमातील, म्हणजे लोकसभा-विधानसभेतील राखीव जागांची. ती वेळोवेळी वाढत २०३० पर्यंत गेली आहे. नोकऱ्या आणि शिक्षणातील आरक्षणाला घटनेने मुदत घातलेलीच नाही.

खरी दुखरी जागा निराळीच आहे. आमच्या त्याच शाखेत एक सफाई कामगार होता. प्रवर्ग सहकाऱ्याचाच, जात वेगळी. सहकाऱ्याचा मुलगा शहरात इंग्रजी शाळेत शिकून वैद्यकीय प्रवेशाच्या रांगेत उभा राहिला. सफाई कामगाराचा मुलगा नववीत गळाला. रांग कुठे असते, हेही त्याला कधी कळले नाही. सहकारी एकदा मला म्हणाला, “फॉर्म भरताना पोरानं विचारलं, बाबा, जातीच्या रकान्यात काय लिहू? मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी बँकेत साहेब असेन हो, पण गावी गेलो की मी कोण ते गावाला ठाऊक असतं. आणि पोरानं जागा सोडली, तर ती त्या सफाईवाल्याच्या पोराला मिळणार आहे का?”

या प्रश्नाची दोन्ही टोके खरी आहेत. पगार वाढल्याने जात पुसली जात नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. शिक्षण सारखेच, पण आडनाव दलित, अशा अर्जांना खासगी कंपन्यांकडून बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. म्हणजे सधन दलितालाही संरक्षणाची गरज उरते. पण लाभ त्याच त्या घरांत फिरत राहिला, तर तळातल्यांपर्यंत तो पोचणार केव्हा? इतर मागासवर्गांसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात ‘क्रीमी लेयर’ वगळला. तरीही रोहिणी आयोगाला २०१८ मध्ये केंद्रीय नोकऱ्या व प्रवेशांच्या आकडेवारीत दिसले, की सुमारे ९७ टक्के लाभ २५ टक्के जातींना मिळाला आहे. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहाविरुद्ध एक अशा बहुमताने संमती दिली. मला तो मार्ग योग्य वाटतो. मात्र एक अट हवी. वरच्यांना वगळून तळातला उमेदवार मिळाला नाही, म्हणून जागा रिकामी राहता कामा नये.

सीमारेषा आखतानाही आपण गंमत केली आहे. २०१७ साली इतर मागासवर्गीयांमध्ये सधन ठरण्याची मर्यादा वार्षिक आठ लाख रुपये झाली. २०१९ साली खुल्या वर्गात आर्थिक दुर्बल ठरण्याची मर्यादाही आठ लाखच ठेवली गेली. मोजण्याची रीत वेगळी आहे हे मान्य. पण तोच आकडा एका घराला सधन आणि दुसऱ्याला दुर्बल ठरवतो, याचे समाधानकारक उत्तर कोणी द्यावे?

दरम्यान, ज्या घरात शिरण्यासाठी ही झुंबड आहे ते घरच आक्रसत चालले आहे. २०१७ साली सार्वजनिक क्षेत्रात २७ बँका होत्या. २०२० च्या एप्रिलमध्ये त्या १२ उरल्या. अनेक खात्यांत कंत्राटी भरती आली, आणि कंत्राटाला बिंदुनामावली सहसा लागत नाही. शेती परवडेनाशी झालेला मराठा तरुण रस्त्यावर उतरतो, ओबीसी तरुण आपला वाटा जाईल म्हणून धास्तावतो. दोघांचे दुःख खरे आहे, पण दोघे भांडतात ते वर्षागणिक लहान होणाऱ्या भाकरीवर. २०२१ साली रद्द झालेला मराठा आरक्षणाचा कायदा २०२४ साली नव्या रूपात आला. जागा मात्र वाढल्या नाहीत.

शाहू महाराजांना हे कळत होते. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल उचलले. राखीव जागा हे त्या कामाचे एक अंग होते. वसतिगृह आणि शाळा ही दुसरी दोन. आपण पहिले अंग धरून बसलो आणि जिल्हा परिषदेच्या शाळा व समाजकल्याणाची वसतिगृहे यांची आबाळ होऊ दिली. सफाई कामगाराचा मुलगा गळाला तो नववीत. तिथे कुठलीही बिंदुनामावली त्याच्या मदतीला जाऊ शकत नव्हती.

१९३१ नंतर सर्व जातींची नोंद जनगणनेत झाली नव्हती. ती करण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. पुष्कळांना त्यातून जातीयवाद वाढेल अशी भीती वाटते. मला वाटत नाही. आकडे आले की काहींचे दावे फुगवलेले ठरतील आणि काहींची उपेक्षा उघडी पडेल. मात्र ते दर दहा वर्षांनी एकदा छापून भागणार नाही. कुठल्या जातीची किती मुले कितवीत गळाली, किती जागा भरल्या, किती रिकाम्या राहिल्या आणि त्या कोणाच्या टेबलावर अडल्या, हे दर तीन महिन्यांनी जनतेसमोर यावे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका संस्थानिकाने आपल्या खातेप्रमुखांकडून जे मागितले, ते लोकशाहीतल्या नागरिकाने आपल्या सरकारकडे मागायला काय हरकत आहे?