वेतोबाची गाडी

संपादकांनी मला डेट्रॉइटला पाठवलं ते मोटारींच्या शहरावर लिहायला. चार दिवस मी नेमाने फिरले. फोर्डची पहिली ‘मॉडेल टी’ १९०८ साली जिथे तयार झाली, तो पिकेट अव्हेन्यूवरचा विटांचा जुना कारखाना पाहिला. डिअरबॉर्नचं भलंमोठं संग्रहालय पाहिलं. वही भरत आली होती. पाचव्या दिवशी मराठी मंडळाच्या जेवणात शेजारच्या बाई भातावर वरण घेता घेता म्हणाल्या, “आमच्या गल्लीत कोकणातले एक काका आहेत. तळघरात देवासाठी गाडी बांधतायत. एवढीशी.” आणि त्यांनी हाताची वीत करून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या तळघरात होते, आणि मुक्कामाचे उरलेले सगळे दिवस तिथेच गेले.

तळघरात शिरताच नेलपॉलिशसारखा वास येतो. जुन्या दाराच्या फळीचं टेबल, त्यावर भिंगाचा दिवा, आणि भिंतभर छोटे छोटे खण. खणांवर काकांच्या बारीक अक्षरात चिठ्ठ्या: चाकं, आरसे, गिअरबॉक्स, विमानांचे पंख, ‘काय ते माहीत नाही’. काका सत्तरीच्या अलीकडचे, वेंगुर्ला तालुक्यातले. मोटारींच्या डॅशबोर्डसाठी लागणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यांचं काम त्यांनी इकडे तीस वर्षं केलं. नाव छापू नका म्हणाले. “देवाच्या कामाक माझां नाव कित्याक?”

टेबलाच्या मधोमध जाड काचेच्या तुकड्यावर गाडी उभी होती. उघडी, बिनरंगाची, करड्या प्रायमरमधली. पुढची चाकं सायकलीसारखी किडकिडीत, मागची जाडजूड आणि गुळगुळीत. मध्ये मोठं व्ही-८ इंजिन, त्याच्या दोन्ही अंगांनी चार-चार नळ्या आभाळाकडे वळलेल्या. आणि या सगळ्यावर पालखी. तीच कमान, तेच छप्पर, पुढे-मागे निघालेला तोच दांडा.

आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या चपला वाहतात, हे सिंधुदुर्गातल्या कुणालाही सांगायला नको. चामड्याच्या, माणसाच्या पायात कधीच बसणार नाहीत अशा मोठ्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपलांचे तळ झिजतात, ही तिथली श्रद्धा. काकांच्या आईने लहानपणी त्यांना देवळात उचलून धरून ते तळ दाखवले होते. “तेव्हापासून मनात होतां,” काका म्हणाले, “इतकां चलता तो. त्येका गाडी व्हयी.”

पालखीचा विचारही तिकडचाच. वेतोबा म्हणजे वेताळच, आणि अमावस्येच्या रात्री वेताळाची पालखी निघते, पुढे-मागे भुतं मशाली घेऊन चालतात, ही गोष्ट महाराष्ट्रात किती अंगणांत सांगितली गेली असेल! काकांनी तिला अमेरिकन इंजिन जोडलं. व्ही-८ला आठ सिलिंडर, आठ सिलिंडरना धुराच्या आठ नळ्या, म्हणून आठ मशाली.

ही कल्पना ऐकायला विचित्र वाटली तरी ज्या परंपरेत ती बसते ती इथे साठ वर्षांहून जुनी आहे. १९४८ साली सुरू झालेली एएमटी, म्हणजे ॲल्युमिनियम मॉडेल टॉईज ही कंपनी आधी मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवायची. पुढे तिचा कारखाना डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये होता, काकांच्या घरापासून फार लांब नाही. १९५८ साली एएमटीने किटाच्या, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या, एकाच खोक्यातून तीनपैकी कुठलीही गाडी बांधायची सोय केली: कारखान्यातून आली तशी, हौसेने बदललेली, किंवा शर्यतीची. मुलगा त्यातली एक बांधायचा आणि उरलेल्या दोन गाड्यांचे भाग डब्यात टाकायचा. दहा गाड्या झाल्या की डबा भरायचा, आणि एखाद्या पावसाळी रविवारी त्या डब्यातून कुठल्याच कंपनीने न काढलेली अकरावी गाडी निघायची. वेगवेगळ्या किटांचे भाग जुळवून नवंच काही बांधण्याला इथे किटबॅशिंग म्हणतात. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधली अवकाशयानंही अशीच, रणगाड्यांच्या आणि मोटारींच्या किटांतले तुकडे चिकटवून सजवलेली होती.

अद्भुताची आवडही इथलीच. १९६४ साली ‘द मन्स्टर्स’ या मालिकेसाठी जॉर्ज बॅरिस यांच्या कार्यशाळेत मॉडेल टीच्या तीन बॉड्या जोडून अठरा फूट लांबीची भुताळी बग्गी तयार झाली. तिचं चित्र टॉम डॅनियल यांचं. त्याच मालिकेसाठी शवपेटीची शर्यतगाडीही झाली, तिच्या धुराच्या नळ्या चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांसारख्या. दोन्हींची किटं एएमटीने विकली. याच डॅनियलनी मोनोग्राम कंपनीसाठी जर्मन शिरस्त्राणाचं छप्पर असलेली ‘रेड बॅरन’ आखली. १९६८ साली तिचं किट आलं, ते इतकं गाजलं की पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या चक मिलरनी तिच्यावरून खरी, चालणारी गाडी बांधली. आधी खेळणं, मग गाडी. काकांच्या भिंतीवर त्या रेड बॅरनचं जुनं खोकं टाचून ठेवलेलं आहे. देवाची तसबीर त्याच्या शेजारीच.

माझं लक्ष मात्र इतिहासातून सारखं त्या काचेकडे जात होतं. काका दर अर्ध्या तासाने गाडी काचेवर ठेवायचे, कागदाची एक पट्टी घ्यायचे आणि एकेका चाकाखालून सरकवून बघायचे. तीन चाकांखाली पट्टी अडायची. पुढच्या डाव्या चाकाखालून ती सुळकन निघून जायची.

“टेकत नाही अजून,” ते म्हणायचे आणि गाडी पुन्हा हातात घ्यायचे.

हे चाक का टेकत नाही, ते समजून घ्यायला मला दोन दिवस लागले. मिश्र किटांच्या कामातली खरी मेहनत तिथेच आहे, असं आता मला वाटतं.

गाडीची चौकट एएमटीच्या मॉडेल टीची, म्हणजे १/२५ मापाची. पुढचा अ‍ॅक्सल मोनोग्रामच्या १९३२च्या फोर्डचा, १/२४चा. ऐकायला फरक क्षुल्लक वाटतो. पण साडेचार मीटरची खरी गाडी १/२४मध्ये १८.७५ सेंटिमीटर होते आणि १/२५मध्ये १८. पाऊण सेंटिमीटरचा फरक, आणि तो प्रत्येक खिळ्यात, प्रत्येक भोकात वाटलेला. शिवाय साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून प्रत्येक भिंतीला एक-दोन अंशांचा ढाळ दिलेला असतो. एका किटात तो ढाळ एकीकडे, दुसऱ्यात दुसरीकडे. दोन कारखान्यांचे दोन भाग जोडले की डोळ्याला दिसणारा काटकोन काटकोन उरत नाही. तीस वर्षं हाच ढाळ आखत आलेले काका आता तो कानशीने घासून काढत होते. “तेव्हा माझ्याच हातान् घातलंय, आता माझ्याच हातान् काढतंय.”

पोलिस्टायरीनचा सांधाही चटकन होत नाही. दुकानात ज्याला गोंद म्हणतात तो खरं तर द्रावक असतो. तो दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि मग द्रावक उडून जातो. सांधा वरून वाळलेला दिसला तरी आत मऊ असतो, आणि पुरता घट्ट होईपर्यंत किंचित ओढतो. काल सरळ बसवलेला अ‍ॅक्सल आज केसभर वाकडा निघतो तो यामुळे. म्हणून काका एका दिवशी एकच महत्त्वाचा सांधा करतात. “घाई केली की काम नासता.”

सगळे भाग एकाच मापाचे असायला हवेत का, हे मी विचारलं. काकांनी पालखीचं छप्पर माझ्या हातात दिलं. ते १/४८ मापाच्या कॅटलिना विमानाचं होतं. पाण्यावर उतरणाऱ्या त्या विमानाचं पोट बोटीसारखं असतं. ते कापून उलटं केलं आणि बोटीची कणा-रेघ पालखीचं आढं झाली. छप्पर, टाकी, नळ्या कुठल्याही मापाच्या चालतात, त्यांनी समजावलं. पण माणूस ज्याला हात लावतो, ज्यावर बसतो, त्याचं माप चुकलं की डोळा लगेच अडतो. सीट, स्टेअरिंग, दाराची मूठ, पायाखालचे पेडल. गाडी केवढी आहे हे डोळा त्यांच्यावरूनच ठरवतो.

मग त्यांनी सीट दाखवली. ती इतर भागांहून बरीच मोठी होती, १/१६च्या किटातली. मी विचारात पडलेली पाहून त्यांनी कागद ओढला. पंचवीसला सोळाने भागायचं, दीडला थोडं वर येतं. म्हणजे १/१६मध्ये सहा फुटी माणसासाठी केलेली सीट १/२५च्या गाडीत साडेनऊ फुटांच्या आसपास उंची असलेल्याला बसते. आरवलीची वेतोबाची मूर्ती सुमारे नऊ फूट.

मी पेन खाली ठेवलं. माप चुकलं तर गाडी खेळणं दिसते, आणि इथे तर मापातूनच देवाला जागा झाली होती.

गाडी अद्भुत आहे म्हणून काकांनी कशातही सूट घेतलेली नाही. स्टेअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंत पितळी तारेचे दुवे जोडलेले आहेत आणि चाकं खरोखर वळतात. इंजिनातून निघणारी प्रत्येक वायर मेणबत्तीवर तापवून ओढलेल्या प्लास्टिकची. मशालींच्या ज्वाळा पारदर्शक प्लास्टिकच्या त्याच पद्धतीने ओढलेल्या, टोकाला पिवळ्या, बुडाशी नारिंगी. “देवाची गाडी असली म्हणान काय झालां? स्टेअरिंग फिराक व्हयाच.”

तिसऱ्या दिवशी मला अडचणी दिसायला लागल्या. त्या एकामागून एक अशा आल्या की माझी काळजी वाढत गेली.

इंजिनावरचे चकचकीत भाग क्रोमचे. त्या किटांमधलं क्रोम म्हणजे लॅकरच्या थरावर बसवलेला ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, आणि त्यावर द्रावक धरत नाही. जोड हवा तिथे तो खरवडावा लागतो, आणि खरवडलेला ठिपका झाकता येत नाही. काकांनी सगळे भाग ब्लीचमध्ये बुडवून क्रोम उतरवलं आणि नव्याने चांदी चढवायला घेतली. समोरची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावली, तर रात्रभरात गोंदाच्या वाफेने ती पांढुरकी झाली. दुसरी काच त्या किटात नव्हती. तो साचा आता वापरात नाही.

मग रंग. काकांना हवा होता शेंदूर, पण आतून उजळणारा. त्यासाठी त्यांनी कँडी रंग निवडला. कॅलिफोर्नियाच्या जो बेलॉन यांच्या नावाशी जोडली जाणारी ही रीत अशी की खाली सोनेरी किंवा चंदेरी थर द्यायचा आणि वर पारदर्शक रंगाचे पातळ हात मारत जायचं. प्रत्येक हाताने रंग गडद होतो, म्हणून सगळीकडे हात सारखेच पडले पाहिजेत. एका कडेवर एक हात जास्त झाला तर तिथे काळसर पट्टा उमटतो, आणि डागडुजी करता येत नाही. पहिल्या वेळी खालचा थर इनॅमलचा होता, वरचा लॅकरचा. लॅकरने इनॅमल उचललं आणि पालखीवर म्हाताऱ्याच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडल्या. पालखी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून, जुन्या ब्रशने घासून पुन्हा करडी केली. मी पाहिली ती त्यानंतरची. दुसऱ्या वेळी ओल्या रंगावर एकच केस पडला होता, तेवढ्यासाठी सगळं उतरवलं.

सगळ्यात वाईट टायरचं. जुन्या किटांमधले मऊ टायर व्हिनाइलचे असतात. त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पाझरतं आणि टेकलेलं प्लास्टिक विरघळवतं. काकांनी दहा वर्षांपूर्वी पूर्ण केलेली एक गाडी खोक्यातून काढून दाखवली. चारही चाकांच्या रिमवर टायरच्या आकाराचे वितळलेले खड्डे होते. कपाटात ठेवलेली, कुणी हात न लावलेली गाडी आपणच आपल्याला खात होती. त्यांनी ती परत ठेवली आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. ही शेवटची.”

मला काय बोलावं सुचेना. डबे भरून भाग आहेत, भिंतभर खण आहेत, आणि त्यांचा उपयोग ठाऊक असलेला माणूस हा एकच. मुलगा लांबच्या राज्यात राहतो, नातवंडं सुट्टीत येतात आणि चाकं फिरवून बघतात. काकांनी यावेळी रिमच्या आत पितळी पट्टीची कडी बसवली आहे, म्हणजे टायर प्लास्टिकला टेकणारच नाही. त्यावर त्यांनी आठवडाभर घालवला होता. ही गाडी त्यांना आपल्यानंतरही टिकायला हवी आहे, हे मला त्या कडीवरून कळलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटची तळघरात उतरले. सीटवर मूर्ती ठेवलेली नव्हती. “देवाची आकृती माझ्या हातान् करूची नाय,” एवढंच ते म्हणाले. सीटपुढे, पायाशी, जुन्या पाकिटाच्या चामड्याचा जोड ठेवलेला होता. नखाएवढ्या चपला. तळ कोरे, एकही घासा नसलेले.

काका तेव्हा सॅंडपेपरवर टायर घासत होते. गाडी उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या चाकावर डुलत होती, म्हणून ते दोन टायर तळाशी किंचित सपाट करत होते. घासायचं, काचेवर ठेवायचं, पट्टी सरकवायची. डाव्या पुढच्या चाकाखाली ती अजून निसटत होती. मग त्यांनी सॅंडपेपर बदलला, अधिक बारीक घेतला, आणि चारही टायरांवर रस्ता चढल्यासारखा घासा उठवला.

“नवे कोरे टायर बरे नाही दिसायचे का?” मी विचारलं.

त्यांनी गाडी काचेवर ठेवली. “रोज रात्री गाव फिरता ही. टायर नवे रवतीत कशे?” मग चपलांकडे बोट केलं. “हीं रवतीत आता नवीं.”

पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती एकेका चाकाखाली सरकवली. पहिलं अडलं, दुसरं, तिसरं. पुढच्या डाव्या चाकाशी मी हात जरा सैल सोडला आणि ओढलं. कागद हलला नाही.