रक्त काढण्याची सुई : तिच्यांतील धोका व त्यावरील योजना

मळणीयंत्रांत हात गेलेला मनुष्य ज्यानें एकदां पाहिला आहे, त्यास नुसत्या सावधगिरीच्या उपदेशाची किंमत निराळी सांगावयास नको. यंत्रापुढें उभा राहणारा गडी दमतो, त्याची झोंप झालेली नसते, पावसाचे ढग दिसूं लागले म्हणजे मालकही घाई करितो. अशा वेळीं “संभाळून काम कर” या शब्दांनीं हात वांचत नाहीं. पेंढी सरकवितांना हात पात्यांपर्यंत पोंचूंच नये अशी लांब व वरून झांकलेली परनाळ यंत्रालाच असली पाहिजे, हा विचार आपल्या देशांत अनेकांचे हात गेल्यावर रुजला, आणि १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. मनुष्याचें लक्ष चळतें. अवजाराची परनाळ चळत नाहीं. म्हणून संरक्षणाची योजना शक्य तों अवजाराच्याच अंगीं असावी, हें तत्त्व शेतकऱ्यास नवें नाहीं.

तेंच तत्त्व आज एका अगदीं लहानशा अवजारास लावून पाहावयाचें आहे. तें अवजार म्हणजे रक्त काढण्याची सुई. घरांतील कोणाचें रक्त तपासावयाचें असो, कीं गोठ्यांतील गाय गाभडल्यामुळें तिचें रक्त प्रयोगशाळेकडे धाडावयाचें असो, ही सुई आतां आपल्या उंबऱ्याच्या आंत आलेली आहे.

ही सुई अधिक धोक्याची कां?

औषध टोंचण्याच्या सुईंत वापरानंतर रक्ताचा अंश बहुधा अल्प राहतो. रक्त काढण्याची सुई मात्र पोकळ असून थेट शिरेंत गेलेली असते, आणि बाहेर येतांना तिच्या पोकळींत रक्त भरलेलें असतें. रुग्णालयांतील ज्या सेवकांस सुई टोंचून एचआयव्हीची बाधा झाली, त्यांच्या प्रकरणांचा अभ्यास १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. जखम खोल असणें, अवजारावर रक्त डोळ्यांस दिसणें, आणि सुई पूर्वीं शिरेंत किंवा धमनींत गेलेली असणें, या गोष्टींनीं धोका वाढतो असें त्यांत आढळलें. रक्त काढण्याच्या कामांत यांपैकीं दोन तर बहुधा असतातच.

धोक्याचें मानही समजून घ्यावें. बाधित रुग्णाच्या रक्तानें माखलेली सुई टोंचल्यास, लस न घेतलेल्या मनुष्यास हिपॅटायटिस बी या यकृताच्या रोगाची बाधा होण्याचा संभव शेंकडा ६ पासून ३० पर्यंत मानतात. हिपॅटायटिस सी या रोगाचा संभव शेंकडा १.८ च्या सुमारास, व एचआयव्हीचा शेंकडा ०.३ इतका धरितात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालच्या आपल्या अहवालांत, जगांतील साडेतीन कोटि आरोग्यसेवकांपैकीं सुमारें तीस लक्ष सेवक दरवर्षीं अशा टोंचण्यामुळें रोगजंतूंच्या संपर्कांत येतात, असा अंदाज दिला होता. जो हात आपल्या रोग्याची शीर शोधतो, त्याच हातावर हें संकट असतें.

दोष हाताचा कीं अवजाराचा?

सुई टोंचली म्हणजे “निष्काळजीपणा” हा शब्द प्रथम तोंडीं येतो. या समजुतीस मोठा धक्का दिला तो अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठांतील जनीन जॅगर या विदुषीनें. तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं एका विद्यापीठीय रुग्णालयांत दहा महिन्यांत घडलेल्या ३२६ अपघातांची छाननी करून ती १९८८ सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश अपघात सुईवर पुन्हां टोपण बसविण्याशीं निगडित होते. मग सेवक टोपण बसवीत कां? कारण उपकरणाचे भाग वेगळे करितांना उघडी सुई हातीं राहते, आणि अनेक उघड्या वस्तू एकाच खेपेंत टाकण्याच्या पेटीपर्यंत नेणें कठीण पडतें. म्हणजे एक धोका टाळण्यासाठीं सेवक दुसरा धोका पत्करीत होते. ज्या उपकरणांचे भाग वापरानंतर सुटे करावे लागत, त्यांनीं होणाऱ्या अपघातांचें मान साध्या पिचकारीच्या पांचपटीहूनही अधिक असूं शकतें, असें आढळलें. दोष हातापेक्षां घडणींत अधिक होता.

सुईंतील निरनिराळ्या योजना

आज प्रयोगशाळांत निर्वात नळीची पद्धति बरीच रूढ आहे. तींत सुई दोन्हीं बाजूंनीं टोंकदार असते. पुढचें टोंक शिरेंत जातें. मागचें टोंक प्लॅस्टिकच्या पकडींत असून त्यावर रबराचें आवरण असतें. बुचाची नळी त्यावर दाबली म्हणजे नळींतील निर्वातामुळें रक्त आपोआप ओढलें जातें. यांत पिचकारींतून नळींत रक्त घालण्याचा धोक्याचा उद्योग वांचला. परंतु पुढचें टोंक उघडेंच राहिलें. तें झांकण्यासाठीं पुढील युक्त्या निघाल्या.

पहिली, बिजागरीच्या टोपणाची. टोपण सुईच्या बुडाशींच जोडलेलें असतें. सुई बाहेर काढल्यावर तें अंगठ्यानें किंवा टेबलावर दाबून एका हातानें मिटतात. दुसरा हात सुईजवळ आणावाच लागत नाहीं. दुसरी, सरकत्या म्यानाची. बारीक शिरांसाठीं जी पंख असलेली सुई वापरतात, तीवर नळीसारखें म्यान पुढें सरकवून अडकवितात. तिसरी, सुई मागें खेंचून घेण्याची. बटण दाबतांच स्प्रिंग सुईस मुठीच्या पोटांत ओढून घेते. चौथी, बोथट करण्याची. तींत सुईच्या पोकळींत बोथट नळी असून सुई शिरेंत असतांनाच ती पुढें सरकवितात. त्यामुळें सुई बाहेर येते ती बोथट होऊनच.

या युक्त्यांचा उपयोग किती, हेंही पाहिलें गेलें. अमेरिकेंतील मिनियापोलिस–सेंट पॉल, न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथील सहा रुग्णालयांत १९९३ ते १९९५ या काळांत केलेल्या परीक्षणाचे आंकडे १९९७ सालीं प्रसिद्ध झाले. बोथट होणाऱ्या सुईनें अपघात शेंकडा ७६ नें, बिजागरीच्या टोपणानें शेंकडा ६६ नें, व पंखाच्या सुईवरील सरकत्या म्यानानें शेंकडा २३ नें घटले. जी सुई शरीराबाहेर येण्यापूर्वींच निर्धोक होते तिनें सर्वांत अधिक रक्षण केलें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. टोपण असलें तरी तें मिटावें लागतें; न मिटलेलें टोपण म्हणजे खुंटीस टांगून ठेवलेलें म्यान.

अनुभव जमल्यावर कायदेही झाले. अमेरिकेंत सुईच्या अपघातांपासून रक्षणाचा कायदा नोव्हेंबर २००० मध्यें मंजूर झाला. अशीं सुरक्षित उपकरणें विचारांत घेण्याचें व तीं निवडतांना प्रत्यक्ष काम करणाऱ्या सेवकांचें मत घेण्याचें बंधन त्यानें मालकांवर घातलें. युरोपीय संघानें २०१० सालीं तशाच प्रकारचा निर्देश काढून सभासद राष्ट्रांस मे २०१३ पर्यंत मुदत दिली. आपल्याकडे २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनीं सुयांसाठीं न भोसकणारें, न गळणारें पांढरें पात्र ठरवून दिलें आहे.

गोठ्यांतील सुई

एकदां वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिकच्या पिचकारीच्या इतिहासांत न्यूझीलंडमधील कॉलिन मर्डॉक यांचें नांव येतें. ते औषधविक्रेते असून पशुवैद्यकाचेंही काम करीत. त्यांनीं १९५६ च्या सुमारास अशी पिचकारी रचिली. तेव्हां गोठ्याचा या विषयाशीं संबंध जुनाच आहे.

गाय उशिरां गाभडली म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची, शंका घेऊन मानेच्या शिरेंतून रक्त काढतात. हा रोग माणसासही जडतो. उलटून येणारा ताप व सांधेदुखी मागें लागते. त्यावरील एस १९ ही लस चार ते आठ महिने वयाच्या मादी वांसरांस एकदांच देतात. ती जिवंत जंतूंची असल्यामुळें चुकून माणसास टोंचली तर आजार आणूं शकते.

प्रस्तुत लेखकाच्या गांवीं एका सकाळीं पंधरा-सोळा गाईंचें रक्त काढलें. दोन दिवसांनीं गवत झाडणाऱ्या मुलाच्या तळव्यांत सुई रुतली. ती कोणत्या गाईची हें कोणासच सांगतां येईना. मुलास दवाखान्यांत नेलें. परंतु सर्व गाईंचे निकाल येईपर्यंत त्याच्या आईस धीर देणें हेंच एक काम होऊन बसलें. सर्व गाई निरोगी ठरल्या, हें नशीब. पण जाड प्लॅस्टिकचा एक रिकामा डबा त्या सकाळीं गोठ्याच्या दारांत ठेविला असता, तर नशिबाची वाट पाहावी लागली नसती.

आपण काय करावें?

रक्त देतांना सुईचें वेष्टन आपल्यासमोर फोडलें जातें कीं नाहीं तें पाहावें व तसें नम्रपणें विचारावें. यांत संकोच नको. जनावर बांधून व नीट आंवळून धरावें, कारण हिसका बसला म्हणजे सुई धरणाऱ्याच्या हातीं जाते. वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनीं टोपण बसवूं नये, कोणास बसवावयास सांगूं नये. ती वांकवूं अगर मोडूं नये. मधुमेहासाठीं घरीं ज्या सुया लागतात त्या जाड, घट्ट झांकणाच्या डब्यांत सांठवून आरोग्यकेंद्रांत द्याव्या. उकिरड्यावर किंवा शेणखतांत टाकूं नयेत. तें खत उद्यां आपणच हातानें पसरणार आहों.

सुई टोंचलीच तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें धुवावी. पिळूं अगर चोखूं नये. लगेच दवाखाना गांठून सुई कोणाची हें माहीत असल्यास सांगावें. एचआयव्हीवरील प्रतिबंधक औषधें शक्य तितक्या लवकर, व फार तर ७२ तासांच्या आंत सुरू करावीं लागतात. लाजेनें किंवा आळसानें घालविलेला दिवस परत मिळत नाहीं. हिपॅटायटिस बी वर लस आहे. बालकांच्या लसीकरणांत ती आली आहे. परंतु सुया हाताळणाऱ्या प्रौढांनीं ती घेतली आहे कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी.

शेवटीं संघाच्या सभासदांस एक सूचना. जनावरांच्या तपासणीचें शिबिर भरवितांना मंडप व चहापाणी यांची तरतूद आपण करितोंच. त्याच यादींत सुया टाकण्याचें न भोसकणारें पात्र, जनावर अडकविण्याचा खोडा, आणि मिळूं शकतील तेथें टोपणाच्या सुरक्षित सुया यांचाही खर्च धरावा. काम संपल्यावर जितक्या सुया आल्या तितक्या पात्रांत गेल्या कीं नाहीं हें एका सभासदानें मोजून पाहावें. बियाण्याचीं पोतीं मोजणाऱ्या हातांस हें मोजणें जड नाहीं.