वास येईलच, या भरवशावर उडू नका

कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली, आणि घरी विमान बांधण्याची चर्चा आपल्याकडेही रंगू लागली. तिच्यात केबिनच्या हीटरचा विषय निघाला, की कुणीतरी ठामपणे सांगतंच, “धूर गळला तर वास येईल की!”

नाही येणार. निदान येईलच असं नाही.

छोट्या विमानाचा हीटर अगदी साधा असतो. एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचं आवरण घालतात, मधल्या पोकळीतून बाहेरची हवा खेळवतात आणि गरम झालेली हवा केबिनमध्ये सोडतात. म्हणजे आपला श्वास आणि इंजिनाचा धूर यांच्यामध्ये उरते ती नळीची पातळ भिंत. ती तापते, निवते, हादरते आणि कधीतरी तडकते. मग आत येतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते. वैमानिकाला वाटतं, दमलो असू.

वासाची ही खात्री आपल्याला सिलिंडरने दिली असावी. पण एलपीजीत तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझरच्या कार्बन मोनॉक्साइडमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या वाचूनही हे पुन्हा सांगावं लागतं!

21 जानेवारी 2019 ला फुटबॉलपटू एमिलियानो साला याला नेणारं छोटं विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. ब्रिटिश अपघात तपास विभागाच्या अहवालानुसार त्याच्या रक्तातलं 58 टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापलं होतं. आवाज करून सावध करणारं उपकरण विमानात नव्हतं.

“हीटर बंद ठेवला की झालं,” हेही खोटं. 31 डिसेंबर 2017 ला, ऐन ऑस्ट्रेलियन उन्हाळ्यात, सिडनीजवळ एक सी-प्लेन कोसळून सहा जण गेले. तिथल्या तपासात एक्झॉस्टला तडे सापडले, आणि फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवरच्या, झाकणांचे बोल्ट गायब होते. धूर त्या भोकांतून आत आला.

बाकीचे समज किरकोळ आहेत. “आपल्या उष्ण देशात हीटर कशाला?” दर हजार फुटांना तापमान सुमारे दोन अंशांनी उतरतं, जमिनीवर 30 असेल तर दहा हजार फुटांवर दहाच्या आसपास. “हीटर इंजिनाची ताकद खातो.” एरवी वायाच जाणारी उष्णता तो वापरतो. “नको तेव्हा गरम हवा कोंडून टाकावी.” कोंडू नका, बाहेर वळवा, नाहीतर आवरण आणि नळी अवाजवी तापतात. “फायरवॉलवर हीटरसाठी अ‍ॅल्युमिनियमची झडप चालते.” अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, इंजिनाची आग त्याहून तापते. तिथे स्टेनलेस स्टीलच हवं.

कार्बन मोनॉक्साइडने रंग बदलणारं स्वस्त कार्ड डॅशबोर्डला चिकटवून निर्धास्त होऊ नका. वैमानिकाची नजर त्यावर खिळलेली नसते. मोठ्याने वाजणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर बसवा, दर तपासणीत आवरण काढून नळी पाहा, फायरवॉलचं प्रत्येक भोक बुजवा. डोकं जड वाटलं तर हीटर बंद करा, बाहेरची हवा आत घ्या आणि लगेच उतरा. एवढं होत नसेल, तर हीटर लावू नका. जाड जाकीट घाला.