लॉगइनपूर्वी संगणक कोणाची सेटिंग्ज वापरतो?

दूर अंतरावरील संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणून तो चालविण्याची सोय देणाऱ्या रिमोट डेस्कटॉप आज्ञावली आज कार्यालये आणि शिक्षणसंस्थांमध्ये सर्रास वापरल्या जातात. मात्र वीज खंडित होऊन दूरचा संगणक पुन्हा सुरू झाला, की कालपर्यंत सुरळीत चालणारी जोडणी कधीकधी नाकारली जाते. तेथे कोणी जाऊन लॉगइन केले, की ती पूर्ववत होते. अशा वेळी यंत्रात बिघाड असतोच असे नाही. अनेकदा प्रश्न असतो तो लॉगइनपूर्वी कोणाची सेटिंग्ज लागू होतात, याचा.

विंडोज प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याची वैयक्तिक सेटिंग्ज 'एनटीयूजर डॉट डॅट' या फाइलमध्ये साठविलेली असतात. वापरकर्त्याने लॉगइन केले, की ही फाइल रजिस्ट्री या मध्यवर्ती नोंदसंग्रहाला जोडली जाते. तोपर्यंत त्या वापरकर्त्याच्या आवडीनिवडी प्रणालीला उपलब्ध नसतात. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या अनेक सेवा मात्र संगणक सुरू होताच 'लोकल सिस्टीम' या अंतर्गत खात्याच्या नावे काम करू लागतात. या खात्याची सेटिंग्ज रजिस्ट्रीच्या 'डॉट डिफॉल्ट' शाखेत असतात. नावामुळे ही शाखा नव्या वापरकर्त्यांसाठीचा साचा असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो साचा वेगळा ठेवलेला असतो.

केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेल्या व्हीएनसी या आज्ञावलीत हा भेद स्पष्ट दिसतो. १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिच्या विंडोज आवृत्तीत सेटिंग्जचे दोन प्रमुख स्तर होते : एक संपूर्ण संगणकासाठी, दुसरा प्रत्येक वापरकर्त्यासाठी. जोडणीचा पासवर्ड केवळ वापरकर्त्याच्या स्तरावर नोंदविला असेल, तर कोणीही लॉगइन केलेले नसताना सेवेला तो सापडत नसे. पासवर्ड नसताना जोडणी न स्वीकारणे हा तिचा मूळ नियम असल्याने दूरस्थ व्यवस्थापकाला प्रवेश मिळत नसे. संगणकाच्या स्तरावरही पासवर्ड नोंदविणे, हाच त्यावरील उपाय होता.

मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपची रचना वेगळी आहे. जोडणी स्वीकारायची की नाही, कोणत्या पोर्टवर स्वीकारायची, हे नियम संपूर्ण संगणकासाठीच ठरतात. वैयक्तिक सेटिंग्ज ओळख पटल्यानंतर लागू होतात. पूर्वी ओळख पटण्याआधीच दूरचा संगणक नवे सत्र उभे करून लॉगइनचा पडदा दाखवीत असे. विंडोज व्हिस्टापासून आलेल्या 'नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन' या पद्धतीत आधी ओळख तपासली जाते, सत्र नंतर उभे राहते.

या क्रमाचे महत्त्व मे २०१९ मध्ये प्रकर्षाने जाणवले. 'ब्लूकीप' नावाने ओळखली गेलेली त्रुटी लॉगइनपूर्वीच्या टप्प्यात होती; तिचा गैरफायदा घेण्यासाठी पासवर्डची गरज नव्हती. तिचे गांभीर्य ओळखून मायक्रोसॉफ्टने अधिकृत साहाय्य थांबलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती उपलब्ध केली. ओळख आधी तपासण्याची पद्धत सुरू असलेल्या संगणकांना या त्रुटीपासून अंशतः संरक्षण मिळत होते.

कळफलकाच्या मांडणीलाही हाच नियम लागू पडतो. वापरकर्त्याने स्वतःच्या खात्यात देवनागरी इनस्क्रिप्ट मांडणी निवडली, तरी दूरच्या संगणकाच्या लॉगइन पडद्यावर ती असेलच असे नाही. पासवर्डमधील अक्षरे उमटलेली दिसत नसल्याने मांडणी बदलल्याचे चटकन ध्यानात येत नाही आणि योग्य पासवर्डही चुकीचा ठरतो. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील प्रादेशिक सेटिंग्जच्या प्रशासकीय विभागातून चालू मांडणी स्वागत पडद्यासाठी लागू करता येते.

म्हणून दूरस्थ जोडणी बसविताना तिची चाचणी लॉगइन केलेल्या अवस्थेत घेऊन थांबू नये. संगणक पुन्हा सुरू करावा, त्यावर कोणी लॉगइन करण्यापूर्वी दुसऱ्या ठिकाणाहून जोडणी करून पाहावी आणि ओळख आधी तपासली जाते याची खात्री करून घ्यावी. एवढी दक्षता घेतल्यास केवळ लॉगइन करण्यासाठी कोणाला दूरच्या कार्यालयात धाडण्याची वेळ सहसा येत नाही.